घसारा

सायकल ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार आहे. तो सायकल चालवून मिळालेला नाही. ती घरात उलटी ठेवून मिळालेला आहे. गेल्या वर्षी आमच्या कोथरूडच्या जागेत, टीव्ही आणि शोकेसच्या मधोमध, माझी सायकल सहा आठवडे पाय वर करून पडली होती. आलेला पाहुणा आधी तिच्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे आणि मग सौ.ला हळूच विचारी, "बरंय ना सगळं?"

सुरुवात डॉक्टरांपासून झाली. "व्यायाम करत चला" असं ते म्हणाले आणि मी एकवीस गिअरची सायकल घेतली. बँकेत मला एकच गिअर वापरायची सवय, तोही पहिला. तरी दोन वर्षं बरी गेली. मग एके दिवशी कर्वे रस्त्याच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी जोर लावला आणि 'कट्ट' असा आवाज झाला. पेडल पुढे गेलं, मी पुढे गेलो, सायकल तिथेच राहिली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्याबद्दल जे मत दिलं ते इथे देत नाही. तसंच मत आमचे शाखाधिकारीही देतात, फक्त इंग्रजीत.

पूर्वीचे दिवस असते तर मी सायकल कोपऱ्यावरच्या काकांकडे टाकली असती. आपल्याकडे सायकल 'ओव्हरऑइलिंग'ला टाकत. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला बी.कॉम. झाल्यावर कळलं. पण काकांच्या हातच्या तेलाचं प्रमाण बघता आपलाच शब्द जास्त बरोबर होता असं माझं मत आहे. पण काकांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. काका स्टुलावर बसून रस्त्याकडे बघतात. तेव्हा म्हटलं, आपणच करू. त्यात काय आहे? एक चेन, दोन चक्रं. माणूस चंद्रावर गेला!

हत्यारं घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. "सायकलची चेन दुरुस्त करायची हत्यारं द्या," म्हटलं. दुकानदाराने न हसता विचारलं, "क्रँक कॉटरचा की बिनकॉटरचा? मागं फ्रीव्हील की कॅसेट?"

कॅसेट म्हटल्यावर मला टेपरेकॉर्डर आठवला. पण पुण्यात दुकानदारापुढे अज्ञान कबूल करणं म्हणजे आयुष्यभराचं नुकसान. मी म्हटलं, "सगळंच द्या." त्याने अठरा नगांची पेटी दिली. घरी येऊन लावून बघितलं तर अठरापैकी दोन नग माझ्या सायकलीला लागले. म्हणजे अकरा टक्के. मुदत ठेवीपेक्षा बरं, असं मी सौ.ला समजावलं. ती म्हणाली, "अहो, ठेवीत मुद्दल परत मिळतं."

उरलेल्या सोळा नगांनी मला इतिहासाकडे ढकललं. कॉमर्सला गेल्यामुळे तो विषय शाळेतच सुटला होता, तो असा हातोडीच्या वाटेने परत भेटला. आणि एक गोष्ट कळली. सायकलीचं हत्यार निवडायचं म्हणजे ती मापाने निवडायची वस्तूच नाही. आपली सायकल कुठल्या सालातली आहे हे आधी ओळखावं लागतं. पेटीतला एकेक नग म्हणजे कुणाच्या तरी अडचणीची पावती असते.

मुळापासून सांगतो. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन द्रायस ह्या गृहस्थाने दोन चाकांचं लाकडी वाहन काढलं. त्याला पेडल नाही, चेन नाही. वर बसायचं आणि जमिनीला पाय मारत पळायचं. दुरुस्तीला सुतार पुरे. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाच्या आसालाच पेडल बसवली. पण पेडल एकदा फिरवलं की चाकही एकदाच फिरणार. वेग हवा तर चाक मोठं करा. म्हणून १८७०च्या दशकात पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत गेलं आणि मागचं नावापुरतं राहिलं. इंग्रजांनी तिला दोन नाण्यांवरून 'पेनी-फार्दिंग' म्हटलं. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. आपल्या भाषेत पुढे रुपया आणि मागे पावली. त्या सायकलीवरून माणूस पडला की तोंडावरच पडे.

ह्या संकटातून साखळीने सोडवलं. हान्स रेनॉल्ड नावाचा मूळचा स्वित्झर्लंडचा माणूस १८७३ साली मँचेस्टरला आला. १८७९ साली त्याने शेजारच्या सॅलफर्डमधला एक छोटा चेनचा धंदा विकत घेतला. त्या चेनी जात कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी. जुन्या चेनीत पिनेवर सगळा भार पडे आणि ती लवकर झिजे. रेनॉल्डने पिनेवर एक नळी, म्हणजे बुश, बसवला आणि त्याच्यावर फिरता रोलर. चक्राचा दाता रोलरला लागणार, रोलर फिरणार, त्यामुळे घासणं कमी. १८८० साली त्याने पेटंट घेतलं. पाच वर्षांनी, १८८५ साली, कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल काढली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पेडल मधे आणि चेन मागच्या चाकाला. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेचा टायर आणला. झाली तयार तुमची-आमची सायकल. त्यानंतर मडगार्डवरची नावं बदलली, पण आकार तोच राहिला.

ह्यात चेनची खरी करामत हिशेबाची आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला १८ असले, तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. अठ्ठावीस इंची सायकल त्यात साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. तेच काम पेनी-फार्दिंगकडून करून घ्यायचं तर पुढचं चाक पाच फूट आठ इंचांचं लागेल. मी पाच फूट सहा. म्हणजे सायकलवर चढायला मला बँकेची शिडीच न्यावी लागली असती.

आणि ही साखळी नुसती रस्त्यावर राहिली नाही. अमेरिकेतल्या डेटन गावचे राइट बंधू सायकलींचं दुकान चालवत. १९०३ साली त्यांनी विमान उडवलं, तेव्हा इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत पोचवायला दातेरी चक्रं आणि चेनीच होत्या. माझ्या हातून मात्र चेन जमिनीवरही धड बसत नव्हती.

आता त्या सोळा नगांकडे वळू. पूर्वी क्रँक आसावर घट्ट बसवायला पाचरीसारखी कॉटर पिन ठोकत. काढायला हत्यार एकच, हातोडी. आणि शब्द दोनच, ते मेस्त्री मनात म्हणत. १९३३ साली फ्रान्सच्या स्ट्राँगलाइट कंपनीने बिनकॉटरचा क्रँक काढला. तो चौकोनी आसावर दाबून बसतो आणि काढायला ओढून काढणारा स्क्रू लागतो. म्हणजे हातोडी गेली आणि पेटीत एक नग वाढला. मागच्या गिअरचं तसंच. तूर दि फ्रान्स शर्यतीत स्वार कितीतरी वर्षं चढ आला की खाली उतरत, मागचं चाक काढून उलटं लावत, कारण दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असे. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं यंत्र तेव्हा होतं. पण शर्यतीचे जनक आन्री देग्रांज ह्यांना ते पसंत नव्हतं. माणसाच्या पायात दम हवा, यंत्रात नको, असा बाणा. असे साहेब निवृत्त होईपर्यंत कुठल्याच कचेरीत नवं काही येत नाही. १९३६ साली देग्रांज बाजूला झाले आणि १९३७ साली गिअरला परवानगी मिळाली.

गिअर आले तशी चेन अरुंद झाली. आपल्या साध्या सायकलीच्या चेनला घोड्याच्या नालासारखं लॉक असतं, ते पकडीने निघतं. बसवताना त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पुढे जाते तिकडे करायचं, नाहीतर लॉक रस्त्यात पडतं. गिअरच्या अरुंद चेनला हे नाल चालत नाही, म्हणून पिन ढकलून काढणारा चेन कटर आला. मग जपान. शोझाबुरो शिमानो ह्यांनी १९२१ साली साकाई गावात कारखाना काढला, पहिला माल फ्रीव्हील. फ्रीव्हील चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पेडलबरोबर आणखी घट्ट होत जातं. त्याच कंपनीने १९७८ साली वेगळी रचना बाजारात आणली आणि चक्रांचा जुडगा नुसता सरकवून बसवायची सोय झाली. तीच ती कॅसेट. फ्रीव्हीलला एक हत्यार, कॅसेटला दुसरं, शिवाय चक्र धरून ठेवायला चेनचा तुकडा लावलेली पट्टी. मला मिळाली होती कॅसेटची, आणि माझ्या सायकलीला होतं फ्रीव्हील. दोन्ही हत्यारं दिसायला सख्खी भावंडं, लागायला सावत्र.

बिचाऱ्या दुकानदारांचीही ही अडचण होती. अमेरिकेत सेंट पॉल शहरातल्या एका सायकल दुकानाच्या दोघा मालकांनी स्वतःसाठीच साहित्य करायला घेतलं आणि १९६३ साली त्यातून पार्क टूल कंपनी उभी राहिली. तिची निळ्या मुठींची हत्यारं आज जगभर जातात. पेटीतला स्क्रू पाना बघा. त्याचं पेटंट १८९२ साली स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन ह्यांनी घेतलं, म्हणजे नटच्या प्रत्येक मापाला वेगळा पाना बाळगायला नको. तो मला पहिल्याच दिवशी उपयोगी पडला. त्याने मी डावं पेडल अर्धा तास सोडवत होतो. पेडल सुटेना. घामाघूम झाल्यावर मुलीने येऊन सांगितलं, "बाबा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. तुम्ही आवळताय." ते पेडल अजून निघालेलं नाही. काढायचं कारणही नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

शेवटी मी मोबाइल कव्हरांच्या दुकानासमोरच्या स्टुलापाशी गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "चेन मापली का?"

"कशाने?"

"फूटपट्टीनं हो साहेब. तुम्ही बँकेत ना?"

तर वाचकहो, सगळ्यात पहिलं हत्यार हे. सायकलची चेन जगात कुठेही घ्या, एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच. इंग्रज १९४७ साली गेले, आपण मीटर आणि किलो आणले, पण हा अर्धा इंच हलला नाही. शिमानोने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दहा मिलिमीटरची चेन करून बघितली, ती चालली नाही. तेव्हा फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवायचा आणि पंचविसावी पिन बघायची. ती बरोबर बारा इंचांवर असेल तर चेन नवी. एक दोरा, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली तर चेन बदला. दोन दोरे पुढे गेली तर उशीर झाला. दातेही झिजले, आता तेही बदला.

आपण म्हणतो चेन 'ताणली'. लोखंड ताणत नाही. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश घासतात. बारा इंचांत चोवीस सांधे. एक दोरा वाढला म्हणजे एका सांध्यात ०.०६६ मिलिमीटर, जेमतेम एका केसाएवढी झीज. ह्याला कॉमर्समध्ये 'घसारा' म्हणतात. वीस वर्षं मी यंत्रसामग्रीवर दहा टक्के, फर्निचरवर दहा टक्के असा घसारा वहीत लावत आलो. तो शब्द खरोखर घासण्यावरून आला असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तेल-धूळ-चिखल ह्यांची चटणी सांध्यात गेली की घसारा वाढतो. म्हणून हत्यारांच्या यादीत दुसरं नाव फडक्याचं, तिसरं दातांच्या जुन्या ब्रशचं आणि चौथं तेलाच्या बाटलीचं. तेलही सांध्यात थेंब-थेंब सोडायचं आणि बाहेरचं पुसून टाकायचं. हे काकांनी मला सांगितलं. आयुष्यभर ओव्हरऑइलिंग केल्यावर! चेन कटर गिअरवाल्यांना. बाकीचं त्या-त्या वेळी, आपल्या सायकलीला लागेल तेवढंच. स्वच्छ चेन किती इमानी असते म्हणाल तर १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मोजलं, तेव्हा ती ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली. पायाने शंभर रुपये भरले तर चाकाच्या खात्यात अठ्ठ्याण्णव रुपये साठ पैसे जमा. अशी वसुली माझ्या टेबलावर झाली तर माझा सत्कार होईल.

घरी मुलीची प्लॅस्टिकची पट्टी होती, ती सात इंचांवर तुटलेली. आई म्हणाली, "अण्णांची स्टीलची आहे ना, ट्रंकेत बघ."

अण्णा म्हणजे माझे वडील. एका छापखान्यात हिशेबनीस होते. २०१४ साली गेले. त्यांची काळी अ‍ॅटलस आमच्या जिन्याखाली उभी आहे. त्याच महिन्यात सोसायटीने फळ्यावर लिहिलं होतं, 'जिन्याखालील भंगार पाडव्यापूर्वी हलवावे.' भंगारवाला येऊन वजनाचा भाव सांगून गेला होता. मीही 'हो' म्हणून बसलो होतो. अ‍ॅटलस १९५१ साली सोनिपतला सुरू झालेली कंपनी. २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, तिच्या साहिबाबादच्या कारखान्यात काम थांबलं. कारखानाच थांबला, मग आपण ही ठेवून काय करणार, असा माझा हिशेब.

ट्रंकेत पट्टी सापडली. माझी चेन मापली, दोन दोरे पुढे. चेन आणि फ्रीव्हील दोन्ही गेले. पट्टी हातात होतीच म्हणून जिन्याखाली जाऊन अण्णांची चेनही मापली. सव्वाबारा इंच! चार दोरे! अशा चेनवर माणूस सायकल चालवत होता? दाते तर करवतीसारखे झाले होते. मला हसू आलं. हिशेबनीस माणूस, आणि वेळेवर चेन बदलली असती तर निदान दाते वाचले असते, एवढं कळू नये?

पट्टी परत ठेवायला गेलो तर खाली त्यांच्या घरखर्चाच्या वह्या होत्या. सहज एक उघडली. जुलै १९९८. दूध, किराणा, वीज, मग 'चि. कॉलेज फी', आणि सगळ्यात खाली 'सायकल चेन – पुढील महिना'. ऑगस्टच्या पानावर 'चि. पुस्तके', आणि खाली 'सायकल चेन – पुढील महिना'. सप्टेंबर, तेच. पुढे 'चेन व फ्रीव्हील – पुढील महिना'. मग 'चेन, फ्रीव्हील, चेनव्हील – पुढील महिना'. बँकेत आम्ही शिल्लक पुढे ओढतो तशी ती ओळ पानामागून पान पुढे ओढलेली. मार्च २००१पर्यंत. एप्रिलमध्ये ती ओळ नाही. एप्रिलमध्ये माझी परीक्षा होती, आणि तिथे लिहिलं होतं, 'चि. साठी घड्याळ'.

म्हणजे कळत होतं. मला बसल्याबसल्या आठवलं ते एवढंच, की कधी बस चुकली तर अण्णा मला कॅरियरवर घेऊन कॉलेजला सोडत, आणि ती चेन अशी कटकट वाजे, की मी एक कोपरा आधीच उतरत असे. मित्रांनी ऐकू नये म्हणून. "इथपर्यंत बास, अण्णा," म्हणायचो. ते म्हणत, "अरे, चेन चांगली आहे अजून."

दुसऱ्या दिवशी मी अ‍ॅटलस हाताने ढकलत काकांकडे नेली. म्हटलं, "काका, हिला नवी चेन घालायची."

काकांनी पेडल हाताने फिरवून बघितलं. म्हणाले, "नुसती नवी चेन घालू नका. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन बसत नाही, उड्या मारते. घालायचं तर सगळं नवं घाला. नाहीतर आहे तसं ठेवा. जुनी चेन आणि जुने दाते बरोबरीनं झिजलेत. त्यांचं एकमेकांशी जमलंय."

मी घरी येऊन हे सौ.ला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आपल्यासारखं." स्तुती की तक्रार हे मी विचारलं नाही.

माझ्या सायकलीला नवी चेन आणि फ्रीव्हील लागलं आणि ती पायांवर उभी राहिली. फ्रीव्हील काढायला हत्यार पुन्हा वेगळं आणावं लागलं, एकोणिसावा नग. अ‍ॅटलसला मी काही नवं घातलं नाही. ब्रशने चेन घासली, रात्रभर वाळवली, सांध्यात तेल सोडलं, पुसली. पाडव्याला सेक्रेटरी विचारायला आले तेव्हा आईनेच दार उघडलं आणि सांगितलं, "भंगार नाही ते. वापरातली सायकल आहे." मग ते खोटं ठरू नये म्हणून मी दर रविवारी तिच्यावरून मंडईला जातो. कटकट वाजते. कोपऱ्यापर्यंत नाही, थेट मंडईच्या दारापर्यंत वाजवत नेतो.

आणि अण्णांच्या वहीनंतर मीही एक वही केली आहे. पहिल्या पानावर मार्चचा खर्च लिहिला: दूध, किराणा, वीज, मुलीची फी. खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, 'अण्णांची सायकल: चेन, फ्रीव्हील, चेनव्हील – पुढील महिना.'